नागपूरच्या भिंतींवरची पुटे

११ डिसेंबर १८५३ रोजी नागपूरचे तिसरे रघुजी भोसले पुत्रसंतानावाचून निवर्तले आणि गव्हर्नर जनरल डलहौसी याने दत्तकाचा हक्क अमान्य करून पुढल्या वर्षी हे विस्तीर्ण राज्य खालसा केले, तेव्हा कंपनी सरकारच्या अंमलदारांची दृष्टी राजवाड्यातील जंगम मालमत्तेकडे वळली. हत्ती, घोडे आणि बैल लिलावात निघाले, जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास रवाना झाले. आणि वाड्यातले सामान हलवाल तर वाड्यालाच आग लावीन, असे दुसऱ्या रघुजींच्या वयोवृद्ध विधवा बांकाबाई यांनी बजावल्याची नोंद सर जॉन के या इंग्रज इतिहासकाराने करून ठेवली आहे. त्या करारी राणीचा हा उद्गार वाचताना आजही मन हेलावते.

जंगमाची अशी वाताहत झाली तरी स्थावर जागच्या जागी होते; पण नागपूरच्या स्थावराच्या वाट्याला अग्नीचा प्रकोप फार आला. १७६५ साली पेशवे आणि निजाम यांच्या फौजांनी शहर लुटून त्याचा काही भाग जाळला, १८११ साली पेंढाऱ्यांनी शहराबाहेरच्या वस्त्या पेटवल्या, आणि काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाने नटलेला भोसल्यांचा राजवाडा १८६४ साली भस्मसात होऊन त्याचे भव्य प्रवेशद्वार तेवढे उरले. म्हणून भोसलेकालीन नागपूरचे अंतरंग पाहायचे असेल तर ते राजवाड्यात नव्हे, तर महाल भागातल्या मुत्सद्दी, चिटणीस आणि कारकून मंडळींच्या ज्या वास्तू काळाच्या तडाख्यातून बचावल्या त्यांत पाहावे लागते. तिथेही खांब, तुळया आणि महिरपी यांची नक्षी जो तो न्याहाळतो. दोन खांबांच्या मधली दिवाणखान्याची विस्तीर्ण भिंत मात्र कोणाच्या नजरेत भरत नाही. माझ्या मते त्या वास्तूचा सर्वांत बोलका भाग ती भिंतच होय, कारण खांब एकदाच कोरला गेला आणि भिंत मात्र दर पिढीने, किंबहुना दर वर्षी, नव्याने घडवली.

ती घडत कशी असे हे समजल्यावाचून तिच्यावरच्या पुटांचा उलगडा होत नाही. जोते दगडाचे, वर भाजक्या विटांचे किंवा पांढरीच्या मातीचे बांधकाम, आणि त्यावर चुन्याचा गिलावा अशी साधारण रीत होती. विदर्भाच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे जे खडे सापडतात ते भट्टीत भाजून, पाण्यात विरवून, वाळूसह घाणीत मळले जात. घाणी म्हणजे जमिनीतला वर्तुळाकार चर आणि त्यात बैलाने फिरवायचे जड दगडी चाक. चुन्याला चिवटपणा यावा म्हणून गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा, तागाचे तुकडे अशी भर पडे, आणि प्रत्येक गवंड्याचे प्रमाण त्याच्या घराण्याचे असे. पहिला हात जाडाभरडा, दुसरा बारीक, आणि शेवटच्या हाताला वस्त्रगाळ चुना लावून तो ओलसर असतानाच गुळगुळीत गोट्याने इतका घोटायचा की भिंतीला हात लावला तर संगमरवराचा भास व्हावा. घाई चालत नसे. एक हात सुकून बसल्याखेरीज दुसरा चढवायचा नाही, हा या कामाचा पहिला नियम होता.

अशा घोटीव भिंतीवर चित्रे काढण्याची चाल मराठी राज्यात सर्वत्र होती. शनिवारवाड्यातील रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवण्यासाठी भोजराज हा चितारी जयपूरहून आणवला होता; तो वाडा १८२८ साली जळाल्याने ते काम नाहीसे झाले, परंतु मेणवलीचा नाना फडणिसांचा वाडा, वाईची मोतीबाग आणि चांदवडचा रंगमहाल येथील चित्रे त्या परंपरेची साक्ष देण्यास उभी आहेत. गेरू, पिवडी, हिंगूळ, हरताळ, नीळ आणि दिव्याची काजळी एवढ्याच सामग्रीतून ही सारी सृष्टी साकारे. या चित्रांविषयी एक तांत्रिक गोष्ट नीट ध्यानी धरावी, कारण पुढल्या सगळ्या विवेचनाचा भार तिच्यावर आहे: मराठेशाहीतील भित्तिचित्रांचा रंग बहुधा सुकलेल्या गिलाव्यावर, डिंक किंवा सरस यांच्या आधाराने बसवलेला असे. तो चुन्यात मुरलेला नसे, चुन्यावर टेकलेला असे. आणि जे डिंकाने टेकले आहे ते पाण्याने सुटते.

आता या भिंतींवर चुना कसा चढत गेला ते पाहू. पावसाळा ओसरला, आश्विनाचे ऊन कडक झाले, की घराघरांतले सामान अंगणात निघे, विरवलेल्या चुन्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ पडे, मुंजाच्या गवताची कुंची हाती घेऊन कोणीतरी शिडीवर चढे, आणि दिवाळीच्या आत भिंती पांढऱ्याशुभ्र होत. लग्नकार्य निघाले तर सफेदी, घरात मोठे दुखणे होऊन गेले तर सफेदी, नवा भाडेकरू आला तर सफेदी. दरसाल एकच हात धरला तरी शतकभरात शंभर पुटे होतात. या शंभर पुटांखाली देवादिकांच्या मिरवणुका, वेलबुट्ट्या आणि महिरपी गडप झाल्या असतील तर त्यात विध्वंसाची बुद्धी कोणाचीच नव्हती. लक्ष्मीच्या स्वागतासाठी घर उजळायचे, एवढाच भाव होता. आणि चुना हा तसा सौम्य पदार्थ आहे. हवेतला कर्बवायू शोषून तो हळूहळू पुन्हा दगड बनतो, पण त्या दगडाला सूक्ष्म रंध्रे असतात. भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडत राहते, बुरशीला थारा मिळत नाही, आणि खालचा रंग अंधारात, उन्हावाचून आणि धुरावाचून, बराचसा शाबूत राहतो.

एके काळी तर सफेदी ही रीत न राहता हुकूम झाली. राजवाडा जळाला त्याच १८६४ साली नागपुरात म्युनिसिपालिटी स्थापन झाली आणि घराच्या आतल्या स्वच्छतेशीही सरकारचा संबंध येऊ लागला. १८९६ साली मुंबईत प्लेग उतरला तेव्हा रोग्याचे घर रिकामे करून भिंतींना चुना फासणे हा आरोग्य अंमलदारांचा ठराविक इलाज होता, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या साथीने नागपुरातही घरेच्या घरे ओस पाडली. ज्या घरात मृत्यू शिरला त्या घराच्या मालकाला भिंतीवरचे चित्र वाचवावे असे कसे वाटावे? चुना हा तेव्हा जगण्याचा उपाय होता, आणि त्या काळच्या माणसांकडे आज आपण उभे राहून बोट दाखवणे मला अनुचित वाटते.

१८६७ साली मुंबईहून आगगाडी नागपूरला पोहोचली आणि भिंतींचा इतिहास झपाट्याने बदलू लागला. पुढे कटनीचा पांढराशुभ्र चुना वाघिणींतून येऊ लागल्यावर गावठी चुनखडीच्या भट्ट्या मागे पडल्या. सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे सिव्हिल लाइन्सचे बंगले उठले. उंच छत, रुंद व्हरांडा, आणि आत सरकारी बांधकाम खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे ठराविक मुदतीने होणारी सफेदी किंवा रंगीत चुन्याचा हात. या बंगल्यांत राहणाऱ्या साहेबांच्या मायदेशी मात्र त्याच सुमारास दिवाणखान्याची शोभा कागदाने होत होती, आणि तो कागद इथे का रुजला नाही हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

भिंतीला कागद चिकटवण्याची हौस युरोपात चिनी मालाने वाढवली. कँटनच्या बंदरातून पक्षी, फुले आणि बांबूची बने हाताने रंगवलेले कागद जहाजांतून जात आणि सरदारांच्या महालांत लागत. इंग्लंडात हा शौक इतका फोफावला की राणी ॲनच्या कारकिर्दीत, १७१२ साली, रंगीत कागदावर कर बसला आणि तो १८३६ पर्यंत चालू राहिला. पॅरिसमध्ये रेव्हेयाँ नावाच्या कारखानदाराचा भित्तिकागदाचा कारखाना एप्रिल १७८९ मध्ये मजुरांनी फोडला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधीची ती मोठी दंगल होय. १८३९ च्या सुमारास कागद यंत्रावर छापला जाऊ लागला, भाव उतरले, आणि शीले या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ साली सिद्ध केलेला सोमलमिश्रित हिरवा रंग त्या कागदांवरून थेट मध्यमवर्गीयांच्या शयनगृहात पोहोचला. दमट खोलीत त्या हिरव्या कागदापासून माणसे आजारी पडत असल्याची तक्रार पुढे अनेक वर्षे गाजत राहिली.

नागपूरला कागद मानवला नाही याचे कारण हवामानात आहे आणि त्या हवामानावर माणसाने काढलेल्या तोडग्यातही आहे. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो; कागद आकसतो, सांधे उघडतात. जूनमध्ये पाऊस लागला की तोच कागद फुगतो. चिकटवण्यासाठी वापरलेली पिठाची खळ म्हणजे कसर आणि वाळवी यांना मेजवानी. आणि उन्हाळ्यात दारे-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर दिवसभर पाणी शिंपडायचे, म्हणजे बाहेर होरपळ आणि आत ओलसर गारवा, अशी या शहराची रीत. पुढे ताट्यांची जागा कूलरने घेतली, पण ओलावा तोच राहिला. अशा खोलीत खळीवर बसलेला कागद टिकावा कसा? भिंतीला श्वास घेऊ देणारा चुनाच इथल्या हवेला योग्य होता, हे गवंड्याला कळत होते.

म्हणून धंतोली, रामदासपेठ, धरमपेठ या नव्या वस्त्यांत वकील, डॉक्टर आणि सरकारी नोकरदार यांची घरे झाली, तेव्हा कागदाची हौस रंगाऱ्याने दुसऱ्या मार्गाने भागवली. पत्र्यात फुलापानांची नक्षी कापून तिचे छापे रंगीत चुन्यावर मारायचे, कमरेइतक्या उंचीपर्यंत तेलरंगाचा गडद पट्टा द्यायचा, आणि दोहोंच्या सांध्यावर बारीक रेघ ओढायची. हे काम मला मनापासून आवडते. त्यात परदेशी दिवाणखान्याची आठवण आहे आणि इथल्या हाताचे कसबही आहे. एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत छाप्याची ओळ कुठेही न तुटता नेणारा रंगारी हा कारागीरच होता.

त्यानंतर कारखान्यांचा रंग आला. हावड्याला शालिमारचा कारखाना १९०२ सालचा. दुसऱ्या महायुद्धात बाहेरचा माल अडला तेव्हा, १९४२ साली, मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली, आणि तिच्या ट्रॅक्टर डिस्टेंपरने व आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली रेखाटलेल्या गट्टू या खट्याळ पोराने गावोगावचे दुकान गाठले. डिस्टेंपर, मग तेलरंग, मग प्लॅस्टिक पेंट. पुसता येतो, दरसाल लावावा लागत नाही, ही सोय कोण नाकारील? पण इथेच भिंतीचा घात झाला. भुरभुरत्या चुन्यावर चिवट रंगाची साल बसली, आतली ओल बाहेर पडायची वाट बंद झाली, क्षार सालीमागे साचले, आणि पोपडे धरू लागले. रंग वाईट म्हणून पोपडे धरतात असे आपण समजतो. खरे तर खालचा चुना त्या रंगाचे वजन आणि ओढ सोसू शकत नाही.

शेवटी कागदही आलाच. १९८० च्या आसपास व्हिनाइलचे वॉलपेपर आणि अख्खी भिंत व्यापणारे देखावे, म्हणजे बर्फाची शिखरे, तळे आणि पाइनची झाडे, मध्यमवर्गीय बैठकीत मानाने लागले. दहा-पंधरा वर्षांत त्यांचा रंग उडाला, मन विटले, आणि कागद काढण्याचे कष्ट वाचवण्यासाठी घरमालकाने त्याच्यावरच रंग मारून घेतला. आज जुन्या घराच्या बैठकीची मोठी भिंत हातात घेणाऱ्याला बहुधा हेच सापडते: वर प्लॅस्टिक पेंट, खाली कागद, त्याखाली खळ, मग डिस्टेंपर, तेलरंगाचा पट्टा, छाप्याची फुले, आणि तळाशी चुन्याची असंख्य पुटे. नखाएवढा पोपडा उचलून त्याची कड तिरप्या उजेडात धरली तर पांढरी, निळसर, गेरूमुळे गुलाबी, पिवळी, पुन्हा पांढरी अशा रेषा एकीखाली एक दिसतात. जाडी दोन-तीन पैशांच्या नाण्यांएवढी, आणि त्यात घराचे सारे धनी हजर.

अशी भिंत उघडायची तर घाई करणाऱ्याच्या हाती देऊ नये. आधी कपाटामागचा किंवा दारामागचा एक कोपरा निवडावा आणि बोटांच्या पेरांनी भिंत वाजवून पाहावी. आवाज पोकळ आला तर तिथे गिलावाच सुटला आहे आणि तिथे पाणी मुळीच लावायचे नाही. जिथे भिंत भरीव वाजते तिथे कागदावरच्या रंगाला सुरीच्या टोकाने हलके ओरखडे काढावेत, कारण रंगाच्या सालीतून पाणी आत जात नाही. ओरखडे फक्त कागदापुरते, गिलाव्याला टोक लागता कामा नये. मग कोमट पाण्यात भिजवून पिळलेले फडके लावून धरावे, खळ मऊ होऊ द्यावी, आणि लांबी भरण्याची रुंद पट्टी भिंतीशी जवळजवळ आडवी धरून कागद खालून वर सोलावा. खळ नीट सुटली असेल तर कागद भाकरीच्या पापुद्र्यासारखा सलग येतो. ओढावे लागत असेल तर थांबून पुन्हा भिजवावे. कागद गेल्यावर उरलेली खळ पुसून काढली नाही तर नवा रंग तिच्यावर तडकतो. जुन्या तेलरंगाच्या पट्ट्यावर काचकागद कोरडा घासणे टाळावे. पूर्वीच्या तेलरंगात सफेदा, म्हणजे शिसे, असे, आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा अधिक नसावे हा नियम आपल्याकडे २०१६ सालचा आहे. त्याआधीच्या रंगाचा भरवसा कोणी देऊ शकत नाही.

मात्र घर शंभराहून अधिक वर्षांचे असेल तर हे ओले काम कागदाखालच्या पहिल्या रंगापाशी थांबले पाहिजे. कागद सोडवणारे पाणीच डिंकावर टेकलेले चित्र धुऊन नेते. चुन्याची पुटे काढायची ती कोरडी, शल्यवैद्याच्या पात्याने, पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत, एकेक पूट मोजत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचे उदाहरण या बाबतीत डोळ्यांसमोर ठेवावे. तिथे नायककालीन चित्रांचा थर उडाला होता त्या जागी १९३१ साली एस. के. गोविंदस्वामी यांना त्याखालची चोळकालीन चित्रे दिसली, आणि पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांनी वरचा नायक थर अखंड उचलून वेगळ्या फलकांवर बसवला, म्हणजे खालचेही वाचले आणि वरचेही. वरचे पूट म्हणजे केर, हा समज तिथे मोडला. उलट अजिंठ्यात १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी चित्रे जपण्यासाठी लाखेचा लेप दिला, आणि तो पुढे पिवळा पडून रंगच झाकोळला. लेप काढण्याचे काम पुढच्या पिढ्यांवर पडले. सद्‌हेतूने दिलेला हातही किती जड होऊ शकतो ते त्यावरून कळते.

चौकट उघडल्यावर आत रेघ, पान, बोट, काहीही दिसले तर पाते खाली ठेवून छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी धरावी, आणि राज्य पुरातत्त्व खात्याच्या नागपुरातील कचेरीस कळवावे. चौकट उघडीच ठेवावी, तिच्यावर वार्निश देऊ नये. काहीच दिसले नाही तरी चुना खरवडून विटेपर्यंत जाण्याचे कारण नाही. सुटलेला गिलावा चुन्यानेच सांधावा, कारण सिमेंटचा थर जुन्या चुन्याशी एकजीव होत नाही आणि ओल कोंडतो. सांधा पुरता सुकू द्यावा, तोही कूलर बंद ठेवून, आणि मग पातळ चुन्याचे तीन हात, एक सुकला की दुसरा. घोटाई जाणणारे गवंडी आता मोजकेच उरले आहेत. पण पातळ चुन्याचा हात कोणालाही शिकता येतो, आणि आश्विनाचे ऊन त्यासाठी पुरेसे असते.